क्रूझवर फोन कसा चालवायचा: जहाजाचं वायफाय, रोमिंग पॅक की बंदरावरचं सिम?

दिवाळी आटोपली की आमच्या दारव्हा-दिग्रस भागातून सहलीला निघणाऱ्यांची लगबग सुरू होते. पूर्वी अष्टविनायक, चारधाम, फार तर रामेश्वर. आता निवृत्त गुरुजी, बँकेतून रिटायर झालेले काकाजी, पुण्यातल्या पोरानं तिकीट काढून दिलेले आईबाप सिंगापूरच्या क्रूझला, दुबईला, नाहीतर मुंबईहून लक्षद्वीपला जातात. माझं रिचार्जचं दुकान आहे, त्यामुळे सगळ्यांचा प्रश्न आधी माझ्याकडेच येतो: "भाऊ, समुद्रात फोन लागते का? अन् पैसे किती लागते?"

लागतो. पण फोन कोणत्या वाटेनं लागतो यावर पैसे ठरतात, आणि वाटेवाटेत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून पॅक विचारणाऱ्याला मी आधी उलट विचारतो: तुम्ही समुद्रात असताना घरून तुम्हाला कोणी गाठलंच पाहिजे असं काही आहे का? कापूस घरात पडून आहे, हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी सीसीआयच्या कपास किसान ॲपवर नोंदणी झालीय आणि विक्रीचा स्लॉट तुमच्याच नंबरवर आहे, सालगडी रात्रीच्या लाईनवर हरभऱ्याला पाणी देतोय, घरी म्हातारी आजारी आहे, अशा माणसाची गरज वेगळी. नातवाला फोटो पाठवायचे एवढंच ज्याच्या मनात आहे, त्याची गरज वेगळी. दोघांना एकच पॅक विकणं बरोबर नाही.

ज्या वाटेला जायचंच नाही

सगळ्यात महाग वाट आधी सांगतो, कारण ती न विचारता अंगावर येते. जहाज किनाऱ्यापासून दूर गेलं की आपल्या कंपनीची रेंज जाते. थोड्या वेळानं पाहावं तर काड्या पुन्हा भरलेल्या असतात. माणसाला वाटतं, चला, रेंज आली. ही रेंज जमिनीवरच्या टॉवरची नसते. जहाजावरच छोटे मोबाइल अँटेना बसवलेले असतात आणि तिथून कॉल उपग्रहामार्फत जगाशी जोडला जातो. पडद्यावर 'सेल्युलर ॲट सी' किंवा 'टेलेनॉर मेरिटाइम' असं नाव येतं, कधी नुसता 901 नं सुरू होणारा आकडा. भारतातल्या नेटवर्कचे आकडे 404 आणि 405 नं सुरू होतात. 901 हा कोणत्याच देशाचा नाही, आंतरराष्ट्रीय नेटवर्कसाठी राखलेला आहे. इथेच सगळी गोम आहे. तुमचं रोमिंग पॅक सिंगापूरचं, मलेशियाचं, थायलंडचं असतं. हे जहाजी नेटवर्क त्यातल्या कोणत्याच देशात मोडत नाही, म्हणून पॅक असूनही दर लागतो तो पॅकबाहेरचा. बोलण्याला मिनिटाला काही शे रुपये, येणारा फोन उचलला तरी पैसे, डेटाचा हिशेब एमबीवर.

प्रीपेडवाल्याला यात थोडं संरक्षण आहे. मेन बॅलन्स शून्य असतो, त्यामुळे फोन सहसा चालतच नाही. खरा धोका पोस्टपेडवाल्याला. पोरगा पुण्याला, त्याच्या फॅमिली प्लॅनमध्ये आईबापाचे नंबर, आणि बिल पोराच्या खात्यातून आपोआप कटतं. अशाच एका ओळखीच्या घरी जबर बिल आलं होतं. फोन अख्खा वेळ खिशात होता, कोणाला एक कॉल केला नव्हता. फोटोंचा बॅकअप आणि ॲपचे अपडेट मागच्या मागे चालू होते, तेवढ्यानंच बिल झालं. कंपनीशी भांडून काही उपयोग झाला नाही, कारण दरपत्रकात ते लिहिलेलं होतं.

उपाय फुकटचा आहे, पण दुकानात बसवून करून घेतल्याशिवाय तो ध्यानात राहत नाही. जहाजावर चढलं की पडद्यावरची पट्टी वरून खाली ओढायची आणि विमानाचं चिन्ह दाबायचं. दोन्ही सिमच्या काड्या गेल्या पाहिजेत, डोळ्यानं पाहून घ्यायचं. मग त्याच पट्टीत वायफायचं चिन्ह वेगळं दाबायचं. विमानाचं चिन्हही पेटलेलं आणि वायफायही पेटलेलं, असं दोन्ही एकदम दिसलं पाहिजे. बऱ्याच जणांना वाटतं की विमान मोड लावला म्हणजे वायफायही गेलं. तसं नाही. या अवस्थेत व्हॉट्सॲप, यूट्यूब, व्हिडिओ कॉल सगळं वायफायवर चालतं आणि सिमला कोणी हात लावू शकत नाही. शिवाय सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही सिमचं डेटा रोमिंग बंद करून ठेवा, म्हणजे नातवानं खेळता खेळता विमान मोड काढला तरी निदान डेटाचा घाव बसणार नाही.

जहाजाचं वायफाय: महाग, पण ठरलेल्या किमतीत

भर समुद्रात चालणारी शहाणी वाट ही एकच. मोठ्या विदेशी जहाजांवर दर साधारण 15 ते 30 डॉलर रोज, तोही एका फोनसाठी. 20 डॉलर धरले तर दिवसाचे सतराशे-अठराशे रुपये. तीन रात्रींच्या सहलीत नवराबायकोनं दोन वेगळे पॅकेज घेतले तर दहा हजारांवर खर्च जातो. आमच्याकडच्या माणसाला हे सांगितलं की तो थेट नको म्हणतो. पण थांबा, दोन घ्यायची गरजच नाही. बहुतेक जहाजांवर एका पॅकेजवर एका वेळी एक फोन चालतो, मात्र एकानं लॉगआउट केलं की त्याच लॉगिनवर दुसरा फोन जोडता येतो. गुरुजींनी सकाळी बातम्या पाहून लॉगआउट करायचं, बाईंनी दुपारी लेकीशी बोलायचं. चार जणांचं कुटुंबही एका पॅकेजवर निभतं. लॉगआउट करायला विसरलात तर मात्र दुसरा फोन जोडला जात नाही आणि लोक काउंटरवर जाऊन भांडत बसतात.

काही कंपन्यांचे दोन प्रकार असतात: नुसतं व्हॉट्सॲप-फेसबुकपुरतं स्वस्त आणि व्हिडिओ चालणारं महाग. स्वस्तातल्यावर बरेचदा कॉल लागत नाही, फक्त मजकूर आणि फोटो जातात. घेताना 'यावर व्हिडिओ कॉल होतो का' एवढंच विचारा. सहल निघायच्या आधी कंपनीच्या साइटवर घेतलं तर बहुधा सवलत मिळते. पण तिथे कार्डाचा विदेशी व्यवहार चालू असावा लागतो आणि ओटीपीही लागतो, म्हणून हे काम घरीच, आपली रेंज असताना उरका. जहाजावर घेतलं तर पैसे खोलीच्या खात्यावर चढतात आणि शेवटी एकत्र द्यायचे असतात. ते सोपं आहे, सवलत मात्र जाते.

वेगाबद्दल लोकांच्या मनात जुनी भीती आहे आणि ती एके काळी खरी होती. पूर्वी जहाजाचं इंटरनेट ज्या उपग्रहांवरून यायचं ते 35,786 किलोमीटर उंचीवर. आवाज तिथपर्यंत जाऊन परत येईपर्यंत दोघंही एकदम बोलायला लागायचे. 2022 मध्ये रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीनं सगळ्या जहाजांवर स्टारलिंकचं उपग्रह इंटरनेट बसवायचं जाहीर केलं, मागोमाग इतर मोठ्या कंपन्याही त्या वाटेनं गेल्या. हे उपग्रह साधारण 550 किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे बोलणं आता जवळपास घरच्यासारखं होतं. तुमच्या जहाजावर काय आहे ते बुकिंग करतानाच टूरवाल्याला विचारा. जुनी व्यवस्था असेल तर व्हिडिओ कॉलची आशा धरून महागडं पॅकेज घेऊ नका. आणि कोणतंही जहाज असो, रात्रीच्या जेवणानंतर हजारो माणसं एकदम ऑनलाइन येतात. आपल्या लोकांना पहाटे उठायची सवय असतेच, तीच वेळ सगळ्यात चांगली.

बंदरावर उतरल्यावर

इथे दोन वाटा आहेत आणि माझा कल स्पष्ट आहे: पन्नाशीच्या पुढच्या माणसानं भारतीय कंपनीचं रोमिंग पॅकच घ्यावं. दिवसाच्या पॅकला काही शे रुपये, दहा दिवसांच्या पॅकला तीन हजारांच्या आसपास. स्थानिक सिम यापेक्षा नक्कीच स्वस्त. सिंगापूरला पासपोर्ट दाखवून दहा-पंधरा सिंगापूर डॉलरपासून भरपूर डेटाचं टुरिस्ट सिम मिळतं, काहींमध्ये मलेशिया-थायलंडचा डेटाही असतो. पण ते घालायला आपलं सिम काढलं की बँकेचा ओटीपी बंद. ते बारीकसं सिम हॉटेलच्या गादीखाली हरवलं तर गावी येऊन नवं काढायला आधार घेऊन धावपळ. यूपीआय ॲपही सिम बदललेलं दिसलं की पुन्हा पडताळणी मागतं आणि ती पडताळणी त्या जुन्या सिमवरून मेसेज गेल्याशिवाय होत नाही. रोमिंग चालू असताना येणारे एसएमएस सहसा फुकट असतात. म्हणजे बंदरावर उतरून विमान मोड काढला की अडकलेले ओटीपी आणि बँकेचे मेसेज येऊन पडतात. कापूस विकायचा असलेल्या माणसाला एवढ्या एका कारणासाठी पॅकचे जास्तीचे पैसे परवडतात. विचारताना मात्र कंपनीला नीट विचारा, पॅक कोणकोणत्या देशांत चालतं. सिंगापूरहून निघालेलं जहाज पेनांग किंवा फुकेतला थांबतं, म्हणजे मलेशिया आणि थायलंडही त्यात पाहिजेत.

ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम, हा मधला मार्ग. आपलं सिम जागेवरच राहतं आणि डेटा ई-सिमवरून येतो. तरुण जोडप्याला हे सगळ्यात बरं. आपल्या भागात चालणाऱ्या बऱ्याच स्वस्त फोनमध्ये ते नसतं. *#06# दाबून पाहा, ईआयडी म्हणून लांब आकडा आला तरच चालेल. आणि ई-सिमची जाहिरात कितीही मोठी असली तरी नेहमीचं ई-सिम जमिनीवरचंच असतं, भर समुद्रात त्याचा सहसा उपयोग नाही.

दुबईहून निघणाऱ्या क्रूझला जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल चालत नाहीत. मजकूर जातो, फोटो जातात, रेकॉर्ड केलेला आवाज जातो. तिथे घरच्यांशी बोलायचं तर पॅकमध्ये कॉलची मिनिटं असलीच पाहिजेत, नुसत्या डेटाच्या पॅकवर भागणार नाही.

मुंबई-गोवा-लक्षद्वीप

विदर्भ एक्स्प्रेसनं सीएसएमटीला उतरून बॅलार्ड पिअरला जहाजात बसायचं असेल, तर वरचा निम्मा खर्च तुमचा नाहीच. सप्टेंबर 2021 पासून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस जहाज मुंबईहून या बाजूला फेऱ्या करतंय. गोवा, कोची, लक्षद्वीप ही सगळी आपलीच जमीन, आपलंच सिम, नेहमीचंच रिचार्ज. किनाऱ्यालगत रेंज येतजात राहते, आत गेलं की पूर्ण जाते. लक्षद्वीपला पूर्वी इंटरनेट उपग्रहावरून यायचं आणि रडत चालायचं. जानेवारी 2024 मध्ये कोचीहून समुद्राखालची केबल चालू झाली, तेव्हापासून परिस्थिती सुधारली आहे. मेळघाटात नातेवाईक असल्यामुळे ज्यांनी दुसरं सिम बीएसएनएलचं ठेवलंय, त्यांनी ते चालू करून न्यावं, बेटांवर कामी येईल. जहाजाचं वायफाय इथे बहुतेकांनी घेऊच नये. दोन-तीन दिवस घरच्यांना आधी सांगून फोन बंद ठेवला तर काही बिघडत नाही. विमान मोडचा नियम मात्र इथेही तसाच पाळा.

मी कोणाला काय देतो

नुसते फोटो पाठवणाऱ्या गुरुजी-बाईंना: समुद्रात विमान मोड, वायफाय घेऊच नका, बंदरांच्या देशांत चालणारं रोमिंग पॅक आणि बंदरावरून एकदम सगळे फोटो. जहाजावर एकमेकांना शोधायला खोलीतला फोन आहे. खोलीतून खोलीत लावायला पैसे पडत नाहीत. कंपनीचं ॲपही जहाजाच्या वायफायवर पॅकेज न घेता उघडतं, जेवणाच्या वेळा त्यातच दिसतात.

घरी शेतीचा व्यवहार चालू असलेल्या कास्तकाराला: रोमिंग पॅक आणि कुटुंबात मिळून एक वायफाय पॅकेज. शिवाय जाण्याआधी शक्य तेवढे व्यवहार ओटीपीशिवाय होतील असे लावून जा. समुद्रात वायफाय असलं तरी विमान मोडमध्ये एसएमएसवरचा ओटीपी येईलच असं नाही. स्लॉटची तारीख सहलीत येत असेल तर ती आधीच पुढेमागे करून घ्या.

घरी कोणी आजारी असेल तर वायफाय घ्याच, त्यात काटकसर करू नका. पण सगळी मदार त्यावर ठेवू नका. जहाजाचं नाव, खोलीचा क्रमांक, टूर मॅनेजरचा नंबर आणि क्रूझ कंपनीचा आपत्कालीन नंबर कागदावर लिहून घरच्या शहाण्या माणसाकडे द्या, मोबाइलमध्ये नाही, कागदावर. कंपनीला फोन गेला की निरोप जहाजापर्यंत आणि खोलीपर्यंत पोचवतात.

आणि बोलायची वेळ ठरवून जा. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, दुबई दीड तास मागे. सिंगापूरला रात्रीचे आठ म्हणजे गावी साडेपाच, वावरातून परत यायची वेळ. घरच्यांना ही वेळ आधीच सांगितली असेल तर दिवसभर कोणी फोन लावत बसत नाही आणि लागला नाही म्हणून घाबरतही नाही. जहाजाचं घड्याळ कधी कधी बंदराच्या घड्याळाशी जुळत नाही, तेव्हा जहाज सुटायची वेळ फोनवर न पाहता जहाजातल्या सूचनेवरून पाहा.