गावभागातलं स्वयंपाकघर: कडप्पा, काळा ग्रॅनाइट आणि नऊ ट्रॉल्या, १४ महिन्यांनंतर

आधी घराची हकीकत सांगते, नाहीतर पुढचे निर्णय विचित्र वाटतील. आमचं घर सांगलीत गावभागात, तळमजला आणि वर दोन खोल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात चार फूट पाणी होतं. त्याच्या तीनच वर्षं आधी हौसेने मॉड्युलर किचन करून घेतलेलं. दुकानदार 'प्लाय' म्हणाला होता. पाणी उतरल्यावर कळलं की आतून सगळं पार्टिकल बोर्ड, म्हणजे दाबलेला भुस्सा. एक शटर ओढलं तर बिजागरी माझ्या हातात राहिली आणि बाकीचं भिजवलेल्या पोह्यांसारखं खाली बसलं. ओटा मात्र जसाच्या तसा. नळीने धुतला, दोनदा फिनेल मारलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्यावर चहा ठेवला.

पुढची काही वर्षं ओट्याखाली पडदे लावून काढली. २०२१ ला गुडघाभर पाणी आलं तेव्हा पडदे काढून वर नेले, झालं. त्यामुळे पुन्हा खर्च करायची वेळ आली तेव्हा मी एकच प्रश्न घेऊन दुकानं फिरले: हे आठवडाभर गढूळ पाण्यात बसलं तर काय उरेल?

१०० फुटी रोडवरच्या एका दुकानात त्यावर उत्तर मिळालं, "ताई, आयएस ७१० मरीन प्लाय घ्या, ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून टेस्ट करतात." चाचणी खरी आहे (७१० हा त्या प्लायच्या भारतीय मानकाचा नंबर), प्लायही चांगला असतो, बीडब्ल्यूआर म्हणजे 'उकळत्या पाण्याला टिकणारा' म्हणून मिळणाऱ्या ३०३ नंबरच्या प्लायपेक्षा नक्कीच. पण उकळतं पाणी निदान स्वच्छ तरी असतं. पुराचं पाणी म्हणजे गाळ, गटार आणि रॉकेलचा तवंग. प्लाय टिकेलही, पण सांध्यात बसलेला गाळ आणि लॅमिनेटच्या आतली बुरशी कोण काढणार? पीव्हीसी फोम बोर्डचा पर्याय होता. तो फुगत नाही हे खरं, पण स्क्रू नीट धरत नाही, आणि आमच्याकडे डबे भरलेली ट्रॉली म्हणजे वीस-पंचवीस किलो सहज.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "अगं, खोकी लाकडाची हवीत कशाला? पूर्वीसारखे कडप्प्याचे उभे लाव आणि मधे ट्रॉल्या बसव." जुनीच पद्धत. मधल्या काळात ती 'मिडल क्लास' वाटायला लागली होती, मलासुद्धा. तर खाली कडप्प्याच्या फरशीचे उभे आणि आडवे, त्यात स्टीलच्या नऊ ट्रॉल्या, बाहेरून ॲल्युमिनियम प्रोफाइलची काचेची शटरं. वरची कपाटं तेवढी ७१० प्लायची, कारण त्यांचा तळ जमिनीपासून साडेचार फुटांवर आहे आणि २०१९ ची रेघ चारवर. हा हिशेब करताना सुताराने माझ्याकडे जरा विचित्रच बघितलं. तो विट्याचा, त्याला कशाला पुराची सवय!

आता ओटा. नवऱ्याला पांढरा क्वार्ट्झ हवा होता. हळदीच्या पेठेच्या गावात पांढरा ओटा! दुकानातून चार तुकडे मागून आणले: क्वार्ट्झ, फिकट ग्रॅनाइट, काळा ग्रॅनाइट आणि कडप्पा. रात्री प्रत्येकावर ओली हळद, अर्धं लिंबू पालथं आणि चमचाभर तेल ठेवलं. सकाळी कडप्प्यावर लिंबाची पांढुरकी खरबरीत खूण होती, बोटाला लागत होती. चुनखडीचाच दगड तो, आंबट त्याला खाणारच. म्हणून कडप्पा उभ्यांना ठीक, ओट्याला नको. फिकट ग्रॅनाइटवर तेलाचा काळपट डाग. क्वार्ट्झवर पुसूनही पिवळी सावली राहिली. ती दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवल्यावर बरीच गेली, कारण हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. पण स्वयंपाकघरातला ओटा गच्चीवर कसा न्यायचा? मग भाकरीचा तापलेला तवा सरळ क्वार्ट्झवर टेकवला. तपकिरी वर्तुळ उठलं ते आजही त्या तुकड्यावर आहे. त्यात दगडाचा चुरा बांधायला रेझिन असतं, ते करपतं. काळ्या ग्रॅनाइटवर तवा, हळद, लिंबू कशाचीच खूण नाही. नवरा गप्प झाला.

१८ मिमीचा काळा ग्रॅनाइट, एल आकारात, दहा फूट आणि सहा फूट. १४ महिन्यांत एकही डाग नाही, कोपऱ्यातला जोड पक्का आहे. पण काळ्याची कटकट आधी कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. बोअरच्या पाण्याचे थेंब वाळले की पांढरे ठिपके दिसतात, पीठ सांडलं की लांबून दिसतं, आणि संध्याकाळी मुंग्या मात्र अजिबात दिसत नाहीत. रोज रात्री सिंकच्या बाजूने कोरडं फडकं मारावंच लागतं. शिवाय खोली अंधारली. वरच्या कपाटाखाली एलईडीची पट्टी लावली तेव्हा कुठे भाजी चिरताना विळी दिसायला लागली.

उंचीवरून आमच्याकडे आठवडाभर चर्चा चालली होती. मी साडेपाच फूट, सासूबाई जेमतेम चार फूट दहा. ३२ ठेवा, ३४ ठेवा. शेवटी मुख्य ओटा ३३ इंच आणि खिडकीखाली दोन फूट रुंदीचा, २८ इंच उंचीचा छोटा ओटा. तो त्यांच्यासाठी म्हणून केला, आणि आता कणीक मळायला आम्ही दोघीही तिथेच उभ्या असतो. खांद्याचा जोर बरोबर पडतो. सगळ्या खर्चात सगळ्यात जास्त वसूल झालेली गोष्ट हीच.

शेगडी ओट्यात बसवायची नाही हे आधीच ठरलं होतं. दोन कारणं. एक म्हणजे ग्रॅनाइटला मोठं भोक पाडलं की कडेची पट्टी कमजोर होते, सिंकसाठी एक पाडावंच लागतं तेवढं पुरे. दुसरं म्हणजे ओट्यावर नुसती ठेवलेली शेगडी पाइप काढून पाच मिनिटांत जिन्यावर नेता येते.

आता दुखणं. ट्रॉल्या ज्याच्याकडून घेतल्या त्याने ३०४ ग्रेडचे, म्हणजे सहसा न गंजणाऱ्या चांगल्या स्टीलचे, पैसे घेतले. बसवताना मोठ्या ऐटीत खिशातून लोहचुंबक काढला, ट्रॉलीला लावला, तो चिकटला नाही. "बघा वहिनी, अस्सल ३०४." मीही मान डोलावली. पहिल्या पावसाळ्यातच सिंकखालच्या ट्रॉलीच्या वेल्डिंगवर तांबूस ठिपके आले, मग मिठाच्या आणि चिंचेच्या बरण्या असतात त्या ट्रॉलीवर. नंतर मिरजेच्या एका फॅब्रिकेटरकडून कळलं की २०२ ग्रेडलाही, म्हणजे लवकर गंजणाऱ्या स्वस्त स्टीललाही, चुंबक चिकटत नाही, त्यामुळे ती परीक्षा म्हणजे निव्वळ जादूचा प्रयोग. त्याच्याकडे तपासणीच्या द्रवाची बाटली होती. थेंब टाकला, त्याला बॅटरीचा करंट दिला आणि लालसर रंग आला. म्हणजे २०२. नऊपैकी पाच ट्रॉल्या तशा निघाल्या, चार खऱ्या ३०४. बहुतेक जो माल होता तो भरला. फोन केला तर "वहिनी, मीठ उघडं ठेवलं असणार तुम्ही." आमच्या घरात मीठ चिनी मातीच्या बरणीत असतं, झाकण लावून, माझ्या लग्नाच्या आधीपासून.

दुसरी चूक सुताराची आणि थोडी माझी. कडप्प्यात स्क्रू बसत नाही, म्हणून बिजागरीसाठी दगडाच्या कडेला पट्टी लावतात. मी ॲल्युमिनियमची सांगितली होती. सिंकजवळ मोजमाप चुकलं म्हणून त्याने तिथे लाकडाची ठोकली आणि मी 'एवढीशी तर आहे' म्हणून सोडून दिलं. ती फुगली, शटर तिरकं झालं, आता बंद करताना गुडघ्याने ढकलावं लागतं. पूर नाही, साधी सिंकची गळती पुरली.

बाकी तक्रारी किरकोळ आहेत. ट्रॉल्यांचा आवाज होतो, पहाटे डबा काढला की घर जागं होतं. तारांच्या जाळीतून लिंबं आणि लसणाच्या पाकळ्या खाली पडतात, म्हणून तळाला ॲक्रिलिकचे तुकडे टाकलेत. उभ्यांच्या मागे झुरळांना जागा राहते, सिलिकॉन भरून घ्या. काचेच्या शटरवर बोटांचे ठसे उमटतात, पण एका फडक्यात जातात.

ज्यासाठी हे सगळं केलं त्याची तालीम गेल्या जुलैत झाली. धरणातून विसर्ग वाढवल्याच्या बातम्या आल्या की गावभागात सगळ्यांचे डोळे आयर्विनच्या आकड्याकडे लागतात. ४० फूट इशारा, ४५ धोका. पाणी आलं नाही, पण एका दुपारी मी आणि मुलाने घड्याळ लावून करून बघितलं. ट्रॉली पूर्ण ओढायची, चॅनेलच्या, म्हणजे ती सरकते त्या पट्ट्यांच्या, दोन्ही बाजूच्या खटक्या दाबायच्या, उचलायची. नऊपैकी आठ निघाल्या, डब्यांसकट वर जायला ३५ मिनिटं. नववी, सिलिंडरशेजारची अरुंद, बाटल्यांची, निघेचना. ट्रॉल्या बसवणाऱ्याने तिला आतून स्क्रू मारून ठेवलेला, तोही गोल डोक्याचा. मुलाने पक्कड लावून काढला आणि आता तिथे काहीच नाही, ट्रॉली नुसती चॅनेलवर बसते. सासूबाई जिन्याच्या पायरीवर बसून मोजत होत्या. म्हणाल्या, "शटरं राहिली की." शटरं राहू देत. काच आणि ॲल्युमिनियम आहे, धुऊन निघेल.

खर्च विचाराल तर मजुरी, वरची कपाटं धरून १ लाख ४२ हजार. त्याच मापाला मरीन प्लायचं कोटेशन २ लाख ६० हजारांचं होतं. आमच्या आकड्यात आता २०२ निघालेल्या पाच ट्रॉल्या बदलण्याचा खर्च धरा. मिरजेच्या त्या फॅब्रिकेटरला सिंकखालची आणि मिठाची आधी करायला सांगितल्या आहेत, बाकीच्या तीन दिवाळीनंतर. आणलेल्या प्रत्येक ट्रॉलीवर माझ्यासमोर थेंब टाकायचा, मग पैसे, असं ठरलंय. तो म्हणाला, "टाका की, बाटली मीच घेऊन येतो."