कोल्हापुरात, पुण्यात की परळला? मुलाच्या मोठ्या आजारात ठिकाण ठरवताना

‘हायर सेंटरला’, म्हणजे मोठ्या रुग्णालयात, ‘दाखवून घ्या’ असं डॉक्टर म्हणाले की कोल्हापुरातल्या घरात त्याच संध्याकाळी दोन तट पडतात. मामा म्हणतो, आजच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला, परळच्या मोठ्या रुग्णालयात निघा. आजोबा म्हणतात, इथं सरकारी सीपीआर रुग्णालय आहे, एवढे खासगी दवाखाने आहेत, मुंबईत काय सोनं लागलंय? तेवढ्यात कुणीतरी पुण्याचं नाव काढतं, कारण पुण्यात आपलं कुणी ना कुणी असतंच. या तिन्ही वाटा इथं शेजारी शेजारी ठेवतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: अख्खा आजार एकाच ठिकाणी न्यायचा हट्ट धरला की निम्मे निर्णय चुकतात. कुठला टप्पा कुठं, हे ठरवावं.

काही आजारांत मात्र निवडीचा प्रश्नच येत नाही. न्यूमोनिया, डेंगी, जुलाब-उलट्यांनी कोरडं पडलेलं मूल, फिट्स, दम्याचा झटका यांत पहिले काही तास मोलाचे असतात. ते हायवेवर घालवायचे नसतात. जवळचं, रात्री बालरोगतज्ज्ञ आणि ऑक्सिजन असलेलं ठिकाण गाठायचं. सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, राजर्षी शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, त्यामुळे रात्री-अपरात्रीही निवासी डॉक्टर असतात. गर्दी असते, एका खाटेशेजारी चार नातेवाईक उभे असतात, हे खरं. पण डेंगीच्या मुलाला सलाईन किती वेगानं द्यायचं हे दर काही तासांनी बघावं लागतं, आणि ते प्रवासात होत नाही.

दुसऱ्या टोकाला असे आजार आहेत, ज्यांत इथं थांबून ‘बघू या आठवडाभर’ म्हणणं महागात पडतं. नवजात बाळाची कावीळ हे पहिलं उदाहरण. बहुतेक बाळांची कावीळ आपोआप उतरते, आणि कोवळं ऊन दाखवा हा सल्ला प्रत्येक आजीकडे तयार असतो. पण दोन आठवडे उलटूनही कावीळ आहे आणि शी पांढुरकी, खडूसारखी होतेय, तर बाळाच्या पित्तनलिका बंद असू शकतात. त्यावरचं कसाई (हे एका जपानी सर्जनचं नाव) ऑपरेशन साधारण पहिल्या ६० दिवसांत झालं तर गुण येण्याची शक्यता जास्त. जसजसा उशीर, तसतसं यकृत निबर होत जातं. हे ऑपरेशन वारंवार करणाऱ्या हातांकडेच जायला हवं. दुसरं, मोबाइलच्या फ्लॅशमध्ये काढलेल्या फोटोत एका बुबुळात पांढरी चमक दिसणं. ती प्रत्येक वेळी गाठच असते असं नाही, पण डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग असाच पहिल्यांदा दिसतो. तिसरं, मूल फिकट पडलंय, मार न लागता काळे-निळे डाग येतायत, हाडं दुखतात म्हणून रात्री रडतंय, ताप हटत नाही. इथं ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा, संशय घ्यावा लागतो. तसा संशय असेल तर बोन मॅरोची (हाडांतल्या मगजाची) तपासणी होण्याआधी स्टेरॉइड देऊ नये. त्यानं पेशी तात्पुरत्या दबतात आणि निदान गढूळ होतं. हे डॉक्टरांना उघड विचारायला संकोच नको.

आणि एक गोष्ट जन्माच्याही आधीची. गरोदरपणात १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात किंवा आतड्यात दोष दिसला, तर बाळंतपणच मोठ्या ठिकाणी ठरवावं. जन्मलेल्या बाळाला काचेच्या पेटीतून नेण्यापेक्षा आईच्या पोटातून नेणं केव्हाही सुरक्षित. परळचा नवरोसजी वाडिया प्रसूतिगृहाचा दवाखाना १९२६ चा आणि बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय १९२९ चं. दोन्ही शेजारी शेजारी आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी हा आपला रिवाज अशा वेळी बाजूला ठेवलेला बरा.

मुलांच्या खास रुग्णालयात वेगळं काय मिळतं? इमारत आणि भिंतीवरचे हत्ती-मोर सोडून द्या. फरक हातांत असतो. मुलाचं औषध वजनावर ठरतं. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट. रोज हीच गणितं करणारी नर्स आणि फार्मासिस्ट ती चूक पकडतात. सात किलोच्या बाळाला भूल देणारा भूलतज्ज्ञ, बारीक शिरेत सुई पहिल्या झटक्यात लावणारी सिस्टर, लहान मुलांच्याच गाठी वर्षानुवर्षं सूक्ष्मदर्शकाखाली बघणारा पॅथॉलॉजिस्ट, मुलाला खेळवत एमआरआयसाठी तयार करणारी माणसं: कोल्हापुरात यातली काही आहेत, सगळी एका छताखाली, चोवीस तास मिळणं अवघड. मोठ्यांच्या हॉस्पिटलातल्या मुलांच्या वॉर्डातही उत्तम बालरोगतज्ज्ञ असतो, पण रात्री दोनला एक्स-रे काढणारा माणूस मोठ्यांची छाती बघण्यात मुरलेला असतो. दुर्मीळ आजारात हा फरक मोठा, साध्या आजारात जवळजवळ शून्य. अपेंडिक्ससाठी परळ गाठणं मला तरी हौस वाटते.

पुण्याची वाट मधली आहे आणि तिला उगाच कमी लेखतात. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, रस्त्यानं चार-पाच तास. मुंबई पावणेचारशेच्या पुढं. ससून आहे, रास्ता पेठेतलं केईएम आहे, खासगी मोठी रुग्णालयं आहेत. हृदयातलं छिद्र, मूत्रपिंडाचे विकार, फिट्सचा गुंता, कमी वजनाचं नवजात बाळ यांसाठी बऱ्याचदा तिथंच भागतं. सीमेकडच्या, गडहिंग्लज-चंदगडच्या लोकांना बेळगाव त्याहून जवळ. मिरजेला जाण्याची रीत तर आजोबांच्याही आधीची. मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं. परळचं पारडं जड होतं ते मुख्यतः कर्करोगात, कारण टाटा मेमोरियल तिथं आहे, आणि अगदी गुंतागुंतीच्या जन्मजात दोषांत.

आता राहण्याचं. माझ्या मते निर्णय इथं फिरतो, आणि घरात यावर सर्वांत कमी बोललं जातं. ल्युकेमियाच्या सर्वसाधारण प्रकाराचा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो. पहिले सहा-आठ महिने जोराचे, मग घरी गोळ्या घेत, अधूनमधून इंजेक्शन घेत जाणारा लांब काळ. म्हणजे आई मुलाला घेऊन मुंबईत, बाप इथं कामावर, धाकटं भावंड आजीकडं. परळमध्ये भाड्याची खोली परवडत नाही. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना पिढ्यान्‌पिढ्या आधार देत आली आहे. कर्करोगाच्या मुलांसाठी सेंट ज्यूड संस्थेची केंद्रं आहेत: कुटुंबाला मोफत खोली, सामाईक स्वयंपाकघर, मुलांची शिकवणी. तिथं जागा हवी तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडं पहिल्याच दिवशी नाव द्यायचं. केमो सुरू झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही.

मुंबईत माणूस एकटा पडतो, हे सगळे सांगतात. कोल्हापुरात उलट त्रास असतो, तो कुणी सांगत नाही. इथं अख्खी गल्ली भेटायला येते. शहाळं, सफरचंदं, अंगारा आणि खोकला, सगळं घेऊन. केमोवरच्या मुलाच्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात. त्याला भेटीची माया झेपत नाही. दारावर पाटी लावा, वाईटपणा घ्या. आणि गंगावेशीतलं धारोष्ण दूध, कितीही पौष्टिक असलं तरी, या काळात वर्ज्य. उकळलेलंच दूध, ताजा गरम स्वयंपाक, साल काढलेली फळं. रस्सा चालतो, उघड्यावरची भेळ नाही.

पैशांच्या बाबतीत लोक ऑपरेशनचा आकडा विचारतात, पण घर खचतं ते बाकीच्या खर्चानं आणि बुडालेल्या मजुरीनं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. मात्र ते यादीतल्या रुग्णालयांत, ठरलेल्या उपचारांसाठी. त्यामुळे दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, नेमकं विचारायचं: हा आजार, हे ऑपरेशन, याच हॉस्पिटलात बसतं का? अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येणारं पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं. त्यांनी हृदयाचा दोष पकडला तर शस्त्रक्रियेची सोयही त्याच कार्यक्रमातून होऊ शकते. म्हणून मुंबईला स्वतःहून धावण्याआधी त्या पथकाची चिठ्ठी घ्यावी. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड लागतं; हे कागद इथूनच काढून न्या, परळहून करवीर तहसील गाठता येत नाही. कर्करोगाच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासात रेल्वेचं स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. फॉर्म रुग्णालयातून भरून मिळतो.

मोठ्या ठिकाणी गेलात की कधीतरी एखादे डॉक्टर संशोधनाचा विषय काढतील. ‘पोरावर प्रयोग करायलेत’ ही भीती तिथंच उफाळते. साठेक वर्षांपूर्वी ल्युकेमिया झालेली फारच थोडी मुलं वाचत. आज श्रीमंत देशांत दहातली जवळपास नऊ बरी होतात. त्यासाठी अगदीच नवं जादूचं औषध सापडलं नाही. आहेत तीच औषधं कुठल्या क्रमानं, किती, कुठल्या मुलाला जास्त आणि कुठल्याला कमी, हे एकामागून एक चाचण्यांतून ठरत गेलं. भारतात हा आकडा मागं राहतो, त्यात जंतुसंसर्गाचा आणि उपचार अर्धवट सोडण्याचा मोठा वाटा आहे. राहण्याची, जेवणाची, पैशांची सोय लावली की सोडून जाणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण घटतं, हे टाटासारख्या ठिकाणी दिसून आलंय. तेव्हा संशोधन म्हणजे दर वेळी नवी बाटली असं नसतं.

चाचणीत नाव घालण्याआधी मराठी संमतीपत्र मागा आणि घरी नेऊन वाचा. त्यावर नैतिकता समितीचा, म्हणजे चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, संपर्क असतो. मूल ७ वर्षांच्या पुढचं असेल तर त्याचीही तयारी विचारली गेली पाहिजे. केव्हाही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे उपचार थांबत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. सही करताना कुणी घाई करत असेल, तर ते मला खटकतं. छोट्या रुग्णालयात हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. तो फायदा की तोटा, हे आजारावर अवलंबून. ठरावीक उपचार असलेल्या आजारात काही बिघडत नाही. उपचारच अजून पक्का नसलेल्या दुर्मीळ आजारात चाचणीपासून लांब राहणं म्हणजे दारच बंद.

मग वाटणी कशी करावी? निदान, पहिलं ऑपरेशन, केमोचा जोराचा काळ मोठ्या ठिकाणी. रक्ततपासण्या, गोळ्यांचा लांब टप्पा, वजन-उंची, लसी, ताप कोल्हापुरात. जाताना फक्त रिपोर्ट नेऊ नका. बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि तो तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ठोकळे, स्कॅनची सीडी सोबत हवी. नाहीतर तिथं सगळं पुन्हा. आणि परत येताना इथल्या डॉक्टरांच्या नावानं पत्र घ्या: कुठलं औषध, किती, कुठली पेशी कितीखाली गेली तर थांबवायचं.

या वाटणीत एकच जागा खरी धोक्याची आहे. केमोवरच्या मुलाला १००.४ च्या वर ताप आला तर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. रात्रीची गाडी पकडून परळला जाणं त्यात बसत नाही. म्हणून ताप यायच्या आधीच इथल्या एका रुग्णालयाशी बोलून ठेवा, फाइलची प्रत तिथं द्या, रात्री कुणाला फोन करायचा ते ठरवा. कुणी ‘आधी पॅरासिटामॉल देऊन सकाळी या’ म्हणत असेल तर दुसरं ठिकाण शोधा.

पावसाळ्याचंही धरा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुरानं शिरोलीपाशी महामार्ग बंद पडला होता. जूनच्या भेटीतच डॉक्टरांना सांगून पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या घ्याव्यात, आणि नदीकाठच्या गावात घर असेल तर त्या काळात मुलाला शहरातल्या उंचावरच्या नातेवाइकांकडं हलवावं.