डकोटा मेड ब्रेड फ्लोअर: पावाला एक नंबर, पोळीला जरा जपून

नॉर्थ डकोटात राहणाऱ्यांनी तरी हे पीठ एकदा घ्याच. ग्रँड फोर्क्सच्या मिलचं आहे, हार्ड रेड स्प्रिंग म्हणजे वसंतात पेरतात त्या कडक लाल गव्हाचं, त्यामुळे प्रोटीन भरपूर. मळताना पाणी बरंच पितं आणि सुरुवातीला हाताला चिकटतं, तेव्हा घाबरून वरून कोरडं पीठ टाकत बसू नका, वीसेक मिनिटं झाकून ठेवा, मग बघा, ताणलं तर पलीकडचा उजेड दिसेल इतकं पातळ होतं पण फाटत नाही. लादीपाव तर असला होतो की सोडवताना कडेला धागे सुटतात. मिसळीबरोबर बेकरीच्या पावाची आठवणसुद्धा येत नाही.

त्यांचं होल व्हीट पण मिळतं. चव खमंग, पण पोळी रंगाने काळपट आणि गार झाली की चिवट होते. त्यात मिलचा काही दोष नाही, गव्हाची जातच तशी. मी आपल्या आट्यात थोडं मिसळते, निभतं.

आणि ही मिल कुठल्या कंपनीची नाही बरं का, राज्याच्या मालकीची आहे! अख्ख्या अमेरिकेत अशी ही एकच. शंभर वर्षांपूर्वी इथला गहू शेजारच्या मिनेसोटा राज्यात मिनियापोलिसला जायचा, व्यापारी तो खालच्या प्रतीचा ठरवायचे, वर कचऱ्याच्या नावाखाली वजनात कटती, म्हणजे आपल्या बाजार समितीत चालायचं तेच की. 1916 ला तांबेरा पडून दाणा बारीक झाला, जनावरांच्या खाण्याचा म्हणून मातीमोल भाव, तर इथल्या कृषी कॉलेजचे एडविन लॅड म्हणून केमिस्ट होते त्यांनी तोच गहू दळून ब्रेड भाजून दाखवला, चांगला झाला ब्रेड! मग भाव कसला पाडताय?

त्याच्या आदल्याच वर्षी जवसाच्या शेतीत तोटा होऊन बुडालेल्या आर्थर टाउनली नावाच्या शेतकऱ्याने नॉनपार्टिझन लीग नावाची शेतकऱ्यांची राजकीय संघटना काढली होती. लीगवाले फोर्ड गाड्या घेऊन शेतोशेत फिरायचे, वर्गणीला रोख नसेल तर पुढच्या तारखेचा चेक घ्यायचे. 1916 ला त्यांचा लिन फ्रेझियर, तोही शेतकरीच, गव्हर्नर म्हणून निवडून आला, 1919 ला राज्याची बँक काढली आणि मिलचा कायदा केला. 1921 ला विरोधकांनी फ्रेझियरला मुदतीआधीच मतदान घेऊन घरी बसवलं, पण मिल काय बंद पडली नाही, 1922 ला सुरू झालीच, आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी लोकांनी फ्रेझियरला अमेरिकेच्या सिनेटवर पाठवला. लीग कधीच विरली, बँक अजून आहे.

नफ्याचा मोठा वाटा राज्याच्या तिजोरीत जातो, त्यामुळे चार पैसे जास्त गेले तरी मला काही वाटत नाही. पहिल्यांदा घेताय तर ब्रेड फ्लोअरच घ्या आणि पाणी नेहमीपेक्षा दोन चमचे जास्त धरा.