फेटचं ‘ग्रॅव्हिटी अँड ऑर्बिट्स’: उत्तर काढून झाल्यावर उघडायचं सिम्युलेशन

कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाच्या फेट (PhET) प्रकल्पाचं हे सिम्युलेशन गुरुत्वाकर्षणामुळे ग्रह आणि उपग्रह कक्षेत कसे फिरतात ते पडद्यावर दाखवतं; ते फुकट आहे आणि ब्राउझरमध्येच चालतं. उपग्रहांची गणितं शिकणाऱ्याने ते जरूर वापरावं, पण आधी वहीत उत्तर काढावं.

उघडल्यावर दोन पडदे दिसतात. ‘मॉडेल’मध्ये गोळे मुद्दाम फुगवलेले आहेत, तिथे काहीही मोजू नका. मोजमापासाठी ‘टू स्केल’ घ्या, त्यात अंतर मोजायचा टेप मिळतो. टेपवरचं एकक आधी वाचा. मैल दिसले तर १.६०९ ने गुणा. टेप पृथ्वीच्या केंद्रापासून लावायचा. सर्वांत जास्त उत्तरं इथेच चुकतात, कारण सूत्रातल्या त्रिज्येच्या जागी नुसती उंची घातली जाते. ४०० किमी उंचीसाठी त्रिज्या ६,३७१ + ४०० = ६,७७१ किमी. गुरुत्वीय स्थिरांक आणि पृथ्वीचं वस्तुमान यांचा गुणाकार किलोमीटर-सेकंदांत सुमारे ३,९८,६०० येतो. त्याला त्रिज्येने भागून वर्गमूळ काढलं की क्रांतिक वेग (वर्तुळाकार कक्षेत फिरत राहायला लागणारा वेग) ७.६७ किमी/सेकंद, आणि एका फेरीला सुमारे ९२ मिनिटं. नुसते ४०० घातले तर वेग ३१.६ येतो. पृष्ठभागावरचा मुक्तिवेगच (पृथ्वीच्या ओढीतून कायमचं सुटायला लागणारा वेग) ११.२ आहे, म्हणजे असा उपग्रह कक्षेत टिकणारच नाही. ही पडताळणी दर वेळी करावी.

या सिम्युलेशनची खरी किंमत कळते ती सूर्याचं वस्तुमान बदलताना. ‘सूर्य दुप्पट जड झाला तर वर्ष किती दिवसांचं?’ याचं नेहमीचं उत्तर ३६५ भागिले १.४१, म्हणजे २५८ दिवस. ‘टू स्केल’मध्ये घड्याळ शून्यावर असताना सूर्याच्या वस्तुमानाची सरकपट्टी दुपटीवर नेऊन चालू करा: पृथ्वी लंबवर्तुळात आत झेपावते, मूळ अंतराच्या एक तृतीयांशापर्यंत जाते आणि सुमारे १४० दिवसांतच परत येते. सिम्युलेशन चुकलेलं नाही. २५८ हे उत्तर वर्तुळाकार कक्षा तीच राहील असं धरून येतं, आणि त्यासाठी वेगही १.४१ पट हवा. इथे वेग जुनाच राहिला. वेगाचा बाण ओढून तेवढा लांब केला की वर्तुळ परत जमतं. गणितातलं न लिहिलेलं गृहीतक इतक्या स्पष्टपणे डोळ्यांसमोर आणणारं साधन फार मोलाचं आहे.

उपग्रहाचं वस्तुमान वाढवूनही पाहा: बलाचा बाण वाढतो, कक्षा मात्र तीच राहते.

उणीव एकच, पण जाणवणारी. वेग आणि बल फक्त बाणांनी दिसतात, आकडे नाहीत. त्यामुळे ग्रिड चालू करून बाणांच्या लांबीचं गुणोत्तर काढावं लागतं. फेरीचा काळ मात्र नीट मोजता येतो: मार्गाची खूण चालू ठेवा, गती कमी करा आणि ग्रह सुरुवातीच्या जागी येताच थांबवा.