चिलटांचा सापळा, सात महिन्यांनी: सगळं अडलं झाकणाच्या भोकांपाशी

मागच्या आठवड्यात सापळ्याच्या झाकणाची खाच तुटली. नुसतं झाकण मिळेल का विचारलं, तर कंपनीचं उत्तर आलं, अख्खा सापळा नवीन घ्या. सात महिन्यांचा राग त्या उत्तराने वर आला, म्हणून लिहायला बसले.

डबी, भोकांचं झाकण, आत आंबट वासाचं द्रव. हे सगळ्यांना माहीत आहे. मला बोलायचंय ते भोकांबद्दल. चिलट असतं दोन-तीन मिलिमीटरचं आणि भोकं ठेवलीत त्याच्या दुप्पट. एका रात्री मी ओट्यावर टॉर्च धरून बघत बसले. एक चिलट भोकाच्या कडेवर टेकलं, पुढचे पाय एकमेकांवर घासले, आत उतरलं, द्रवाला तोंड लावलं आणि आल्या वाटेने चालत बाहेर आलं. अर्ध्या तासात अशी सहा गेली. कंपनीला तीनदा कळवलं, तिन्ही वेळा एकच उत्तर: द्रव बदला. ते द्रव त्यांच्याकडूनच विकत घ्यायचं, हे ओघाने आलंच. मी ते घेणं बंद केलं.

त्याऐवजी डबीत सफरचंदाचं व्हिनेगर ओतलं, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकले आणि झाकणाखाली कागदाचं नरसाळं बसवलं, टोकाला जेमतेम एक चिलट जाईल एवढं छिद्र ठेवून. साबण विसरू नका. तो नसला की पृष्ठताण टिकतो आणि चिलट द्रवावर आरामात उभं राहून पितं. साधं पांढरं व्हिनेगरही घालून पाहिलं, त्याला फारशी आली नाहीत. आंबलेल्या फळाचा वास लागतो त्यांना. दोन दिवसांनी तळाशी मोजून 41 चिलटं होती. तेव्हा मी सगळ्यांना हाच सापळा घ्या म्हणून सांगत सुटले होते.

ते मत चौथ्या महिन्यात बदलावं लागलं. फळं सगळी फ्रिजमध्ये, ओटा कोरडा, तरी सापळा दर आठवड्याला भरलेला. 25 अंशांच्या आसपास अंड्यापासून उडणारं चिलट व्हायला साधारण दहा दिवस लागतात आणि एक मादी शेकड्याने अंडी घालते. सापळ्यात पडतात ती फक्त उडणारी. बाकीची पिढी कुठे वाढतेय, हे मी शोधलंच नव्हतं. शेवटी कचऱ्याच्या डब्यातली पिशवी उचलली. खाली झिरपलेल्या रसाचा चिकट थर होता, त्यात बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या आणि डब्याच्या भिंतीला तपकिरी कोष चिकटले होते, एका टोकाला दोन बारीक शिंगं असलेले. पिशवी मी रोज बदलत होते, डबा मात्र कित्येक महिन्यांत धुतला नव्हता.

गरम पाणी, साबण, ब्रश. सिंकच्या जाळीखालचा बुळबुळीत थरही ब्रशनेच काढला, कारण आधी महिनाभर ओतलेल्या उकळत्या पाण्याने तो हलला नव्हता. पंधरा दिवसांत सापळा जवळपास रिकामा.

दोन गोष्टी सांगून ठेवते. बागेतल्या फळमाशीचे कामगंध सापळे, म्हणजे वासाने नर माश्यांना ओढणारे, चिलटांवर चालत नाहीत, ती माशी वेगळी. आणि बाथरूमच्या भिंतीवर बसणारे केसाळ पंखांचे कीटक म्हणजे मोरीतल्या माश्या. त्यांच्यासाठी व्हिनेगर वाया घालवू नका, मोरी घासा.

सापळा अजून ओट्यावर असतो, पण आता मोजण्यापुरता. सकाळी चारपेक्षा जास्त दिसली की आधी डबा उचलून बघते. झाकणाच्या जागी सध्या कागदाचं नरसाळं आणि रबरबँड आहे आणि कंपनीच्या झाकणापेक्षा ते चांगलं काम करतंय. कंपनीने भोकं लहान केली आणि झाकण सुटं विकायला ठेवलं, तर मी पुन्हा घेईन. तोपर्यंत पाचपैकी दोन तारे.