क्योतोतील मुक्काम : एस हॉटेल की माचिया?

क्योतोच्या जुन्या मध्यवस्तीत राहायचे, तर तेत्सुरो योशिदा यांनी आखलेल्या, १९२६ सालच्या टेलिफोन कचेरीच्या विटांच्या इमारतीला केंगो कुमा यांच्या आराखड्यानुसार नवी जोड देऊन २०२० मध्ये सुरू झालेले एस हॉटेल, किंवा भाड्याने मिळणारे ‘माचिया’ हे पारंपरिक लाकडी घर, असे दोन पर्याय विचारात घेण्याजोगे आहेत. हॉटेल कारासुमा-ओइके या मेट्रो स्थानकाला थेट जोडलेले असल्याने सामानाची ओढाताण वाचते. स्वागतकक्षातील एकमेकांत गुंफलेले लाकडी वासे तर मुक्काम नसला तरी पाहून यावेत.

माचियाचे दर्शनी तोंड अरुंद आणि घर आत इतके लांबवर गेलेले, की उजेड-वाऱ्यासाठी मध्ये चिमुकली बाग सोडावी लागते, आणि तातामी या जाड जपानी चटईवर अंथरलेल्या गादीवरून सकाळी तिथले ओले दगड व नेचे दिसतात. हे सुख हॉटेलच्या खोलीत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र जिना शिडीसारखा उभा असतो, हिवाळ्यात फटींतून गारठा येतो आणि शेजार भिंतीला लागूनच असल्याने रात्री आवाज बेताचा ठेवावा लागतो. शाकाहारी मंडळींना तिथले स्वयंपाकघर विशेष उपयोगी पडते, कारण जपानमध्ये साध्या भाजीच्या रश्श्यातही बहुधा सुक्या मासळीचा अर्क असतो. दोघांनी एक-दोन रात्रींसाठी हॉटेल घ्यावे. चार-पाच जणांचे कुटुंब असेल आणि सर्वांचे गुडघे धड असतील, तर माचियाच.