सोलर, गॅस की कोळसा: नवीन प्लांट ठरवताना मेगावॅट नंतर, आधी तास बघा

नवीन वीजनिर्मितीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, सगळ्यात स्वस्त वीज कुठली, आणि माझ्या मते घोळ तिथूनच सुरू होतो. दुपारी बाराचं युनिट आणि रात्री आठचं युनिट मीटरवर सारखंच दिसतं, पण ते बनवायला लागणारी तयारी पूर्ण वेगळी असते. त्यामुळे आधी आपल्या भागाचा वर्षभराचा तासातासाचा लोड, म्हणजे विजेची मागणी, काढा, कडक उन्हाळ्यातला, ढगाळ आठवड्यातला, सुट्टीच्या दिवसातला, सगळा, आणि तो समोर ठेवून मगच तिन्हींची तुलना करा.

मेगावॅटचा आकडा तर हमखास फसवतो. १००० मेगावॅट सोलर, चांगलं ऊन असेल आणि वर्षाची सरासरी क्षमतेच्या २० टक्के धरली तर, वर्षाला साधारण १७५ कोटी युनिट देतो. तेवढ्याच क्षमतेचा कोळशाचा प्लांट ७० टक्के लोडवर, म्हणजे क्षमतेच्या ७० टक्क्यांवर, चालला तर ६१३ कोटी. म्हणजे कागदावर दोन्ही १००० आणि हातात येणारी वीज साडेतीन पट कमीजास्त.

तरीही सोलरपासूनच सुरुवात करा असं मी म्हणेन, कारण जागा आणि लाइन तयार असेल तर वर्ष-दीड वर्षात वीज सुरू होते, इंधन लागत नाही, पाणी लागतं ते फक्त पॅनल धुवायला. जमीन मात्र खूप जाते, एका मेगावॅटला ४-५ एकर. आणि एक गोष्ट प्लॅनिंगमध्ये कायम राहून जाते ती म्हणजे उष्णता. पॅनलचं रेटिंग २५ अंशाला असतं, कडक उन्हात पॅनल स्वतः ६५ अंशापर्यंत तापतो आणि दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के आउटपुट पडतं, म्हणजे जेव्हा कूलिंगचा लोड सगळ्यात जास्त असतो नेमकं तेव्हाच १२ ते १६ टक्के कमी मिळतात.

सोलरची खरी अडचण पुढे येते. पहिले काही शे मेगावॅट दुपारची सगळ्यात जास्त मागणी छान भागवतात, पण त्यानंतर दुपारी वीज उरायला लागते आणि संध्याकाळी सूर्य गेला की दोन-तीन तासांत बाकीच्या प्लांटना प्रचंड चढाव घ्यावा लागतो, म्हणजे उत्पादन झपाट्याने वाढवावं लागतं. कॅलिफोर्नियाच्या ग्रिड ऑपरेटरने २०१३ मध्ये हाच आलेख दाखवला होता, त्याचा आकार बदकासारखा दिसतो म्हणून त्याला सगळे डक कर्व्ह म्हणतात. यावर चार तासांची बॅटरी चांगली चालते, भरताना-काढताना साधारण १५ टक्के वीज जाते ती धरूनच हिशोब करायचा. पण सलग चार दिवस ढग राहिले तर त्या बॅटरीचा काही उपयोग नाही, तिथे दुसरं काहीतरी लागतंच.

ते दुसरं म्हणजे कोळसा का? जुने चालू प्लांट असतील तर हो, नवीन बांधायचा असेल तर मी दहा वेळा विचार करीन. बांधायला ४ ते ६ वर्षं जातात आणि पुढची तीसेक वर्षं तो गळ्यात असतो. वर म्हटलेल्या ६१३ कोटी युनिटांना, युनिटमागे अर्धा किलो धरला तरी वर्षाला ३० लाख टन कोळसा लागतो, त्यात राख ३५ टक्के असेल तर १० लाख टनांहून जास्त राख, आणि ती कुठे टाकायची हे आधी ठरलेलं पाहिजे, नंतर नाही. कार्बन डायऑक्साइड युनिटमागे जवळपास एक किलो. पण प्लॅनिंगच्या दृष्टीने सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे, कोळशाचं बॉयलर थंड पडलं की परत चालू करायला अर्धा दिवस सहज जातो, त्यामुळे दुपारी सोलर जोरात असताना त्याला बंद न करता ४०-५० टक्के लोडवर रखडत ठेवावं लागतं, त्यात कार्यक्षमता पडते, ट्यूब गरम-थंड होऊन लवकर थकतात, आणि भांडवलाचा सगळा खर्च कमी युनिटांवर वाटला जाऊन दर वाढतो. ७० टक्के धरून काढलेला दर ४५ टक्क्यांवर टिकत नाही.

गॅसमध्ये दोन प्रकार आहेत आणि लोक ते सर्रास मिसळतात. कंबाइन्ड सायकल, म्हणजे टर्बाइनच्या गरम धुरावर वाफ करून पुन्हा वीज काढणारा प्लांट, चांगला असेल तर कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या आसपास, युनिटमागे कार्बन कोळशाच्या निम्म्याहून कमी. ती वाफेची जोड नसलेला नुसता ओपन सायकल टर्बाइन इंधन जास्त खातो पण दहा-पंधरा मिनिटांत फुल लोडला येतो, म्हणून संध्याकाळच्या चढावाला आणि ढगाळ आठवड्याला तोच कामाचा. पाइपलाइनमधून मिथेन गळत असेल तर कार्बनचा फायदा बराचसा वाया जातो हेही खरं. किमतीचं बोलायचं तर २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर एलएनजीचे, म्हणजे जहाजाने येणाऱ्या द्रवरूप गॅसचे, भाव कुठल्या कुठे गेले होते. आणि पुरवठा? फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत टेक्सासमध्ये गॅसच्या विहिरी आणि प्लांट दोन्ही गोठले, बंद पडलेल्या क्षमतेत सर्वात मोठा वाटा गॅसचाच होता. पाइपलाइन आधीच आलेली नसेल तर हा पर्याय बाजूला ठेवलेला बरा.

साउथ ऑस्ट्रेलियाचं उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. तिथला शेवटचा कोळसा प्लांट मे २०१६ मध्ये बंद झाला, सप्टेंबरमध्ये वादळाने वीजवाहिन्यांचे टॉवर पाडले आणि अख्खं राज्य अंधारात गेलं. नंतर त्यांनी २०१७ मध्ये १०० मेगावॅटची बॅटरी बसवली, २०२१ पर्यंत चार सिंक्रोनस कंडेन्सर, म्हणजे वीज न बनवता ग्रिड स्थिर ठेवणारी फिरती यंत्रं, लावले, गॅसचे प्लांट हाताशी ठेवले. फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज सांभाळायला काय बसवणार हे सोलरच्या टेंडरबरोबरच ठरवायला पाहिजे, मागाहून नाही.

त्यामुळे माझा क्रम असा: दुपारचा लोड भरेल इतका सोलर, संध्याकाळसाठी बॅटरी, जुने कोळसा प्लांट कमी लोडवर नीट चालतील अशी दुरुस्ती, आणि गॅस पोचत असेल तर थोडे ओपन सायकल टर्बाइन, वर्षातून मोजकेच तास चालतील हे मान्य करूनच. गॅसचा करार करताना किमान उचल किती लिहिली आहे ते आधी वाचा. वापरा नाहीतर पैसे भरा अशी अट असेल तर बॅकअप म्हणून घेतलेला टर्बाइन पैसे वसूल करायला दुपारीही चालवला जातो आणि शेजारचा सोलर बंद ठेवला जातो.